कॉलेजात समित्या भरपूर, पण निर्णय कोण घेतं हेच कळत नाही. काय करावं?

माळव्यातली_मास्तरीण (इंदूर)

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितेय, सांभाळून घ्या.

मी इंदुरातल्या एका सरकारी कॉलेजात शिकवते. नाव लिहीत नाही, गरजही नाही, कारण जे सांगतेय ते आजूबाजूला बऱ्याच ठिकाणी असंच आहे. मागे एकदा प्यून रजिस्टर घेऊन आला, मॅडम सही करा म्हणाला, बघते तर "परिसर संवाद व सहभाग समिती", संयोजक म्हणून माझं नाव. म्हणजे संवाद समितीच्या संयोजकाला आपण संयोजक आहोत हे सही करताना कळतं. हसून घ्या, मीपण हसले.

नॅकची (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या तपासणीची) तयारी चालू आहे हे उघड कारण. तो सहावा क्रायटेरिया आहे नं, गव्हर्नन्स-लीडरशिपवाला, त्यात विकेंद्रीकरण आणि सहभागी व्यवस्थापन दाखवायचं असतं. दाखवायला आमच्याकडे काय कमी नाही, प्रवेश समिती, क्रय (खरेदी) समिती, अनुशासन समिती, वाचनालय, क्रीडा, छात्र शिकायत, आयक्यूएसी (नॅकसाठीचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष), स्टाफ कौन्सिल आणि सगळ्यांच्या वर जनभागीदारी समिती (कॉलेज चालवण्यात समाजाचा हात असावा म्हणून केलेली), फाइली इतक्या की कपाटाचं दार लागत नाही. पण सकाळची पाळी साडेसातवरून आठला कोणी नेली हे विचारा, एकही समिती सांगू शकणार नाही. सांवेर-देपालपूरहून पहिल्या बसनं येणारी मुलं बंद गेटसमोर उभी, दोन अतिथी विद्वान (रोजच्या मानधनावरचे तात्पुरते शिक्षक) त्यांच्यातच उभे, आणि नवीन वेळ आधीपासून कोणाला माहीत होती तर समोरच्या एमपी ऑनलाइनच्या (सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या) कियोस्कवाल्याला! त्याला कोणीतरी टाइमटेबल प्रिंट काढायला पाठवलेलं. तसंही आमच्याकडे परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख, एटीकेटी, स्कॉलरशिपचं पोर्टल उघडलं की नाही, मुलं सगळं त्यालाच विचारतात, विभागात कोणी येतच नाही.

प्राचार्य वाईट माणूस नाहीत, हे आधीच लिहून ठेवते नाहीतर सगळे त्यांच्यावर तुटून पडाल. भोपाळला सतपुडा भवनातून (उच्च शिक्षणाच्या वरच्या ऑफिसातून) संध्याकाळी पत्र येतं, वर "तत्काल" लिहिलेलं, माहिती उद्या सकाळी पाहिजे, मग ते बिचारे कोणाला विचारणार. स्टाफ कौन्सिलची मीटिंग म्हणजे चहा घेत घोषणा ऐकायच्या. मिनिट्स नंतर बनतात. काही वेळा मीटिंगच नंतर बनते.

आता मला सांगितलंय व्हॉट्सॲप ग्रुप बनवा, महिन्याला न्यूजलेटर काढा, झाला संवाद. मला हे पटत नाहीये, पण त्याऐवजी नक्की काय मागायचं हेपण नीट सुचत नाही. कोणी हे खरंच चालवलंय का कुठे?

सुदामानगर_रिटायर्ड

ताई, मी आयुष्यभर कॉलेजच्या ऑफिसात होतो, मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे मास्तर लोकांना दिसत नाही ती बाजू सांगतो.

तुम्ही लोक समितीच्या मीटिंगमध्ये तास तास भांडता आणि ते रजिस्टरमध्ये लिहून ठेवता. निर्णय रजिस्टरमध्ये होतच नाही, निर्णय नोटशीटवर, म्हणजे मंजुरीसाठी टेबलावरून टेबलावर फिरणाऱ्या कागदावर होतो. बाबू नोटशीट चालवतो, "प्रस्तुत है", खाली लेखापाल लिहितो मद अमुक, शिल्लक तमुक, मग प्राचार्यांची सही, संपलं. त्या कागदावर तुमच्या समितीची एक ओळ नसते म्हणून तुम्हाला कोणी विचारलेलं नसतं, इतकं साधं आहे हे. ज्या विषयावर समिती आहे त्या विषयाची नोटशीट संयोजकाच्या टीपेशिवाय वर जाणार नाही, एवढा एकच आदेश प्राचार्यांकडून काढून घ्या. दोन ओळींचा आदेश आहे. न्यूजलेटरपेक्षा शंभर पट कामाचा. पाळी बदलायची नोटशीट तुमच्या टेबलावरून गेली असती तर तुम्ही तिथेच लिहिलं असतं की सांवेरच्या बसची वेळ बघा.

दुसरं, मिनिट्सचं. आयक्यूएसीच्या नॅकवाल्या गाइडलाइन काढून वाचा, त्यात स्पष्ट आहे की तिमाहीत निदान एक बैठक, कोरम दोन तृतीयांश, आणि एजेंडा, मिनिट्स, ॲक्शन टेकन रिपोर्ट तिन्ही सहीनिशी ठेवायचे, तेही इलेक्ट्रॉनिक, मागितलं की काढता येईल असे. आपल्याकडे मधलं एकच ठेवतात. एजेंडा नसतो म्हणून लोक तयारी करून येत नाहीत आणि पालन प्रतिवेदन (तोच ॲक्शन टेकन रिपोर्ट) नसतं म्हणून पुढच्या वेळी येतच नाहीत.

आणि कोणी म्हणालं की मिनिट्स गोपनीय आहेत तर त्याला आरटीआय कायद्याचं कलम ४ दाखवा. २००५ पासून आहे. कोणकोणत्या समित्या आहेत, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, मिनिट्स बघायला मिळतात का, हे सरकारी संस्थेनं कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायचं असतं. त्याच कलमात हेपण आहे की प्रशासकीय निर्णयाची कारणं ज्याच्यावर परिणाम होतो त्याला सांगायची. लोक आरटीआय म्हटलं की दहा रुपयांचा अर्जच समजतात, कलम ४ कोणी उघडतच नाही.

भंवरकुआं_वकील

काका एकदम बरोबर, मी दुसऱ्या टोकाचं सांगतो, विद्यार्थ्यांकडचं.

२०१७ ला छात्रसंघ निवडणूक झाली तेव्हा मी सेकंड इयरला, अप्रत्यक्ष पद्धतीनं होती, आधी क्लासचे प्रतिनिधी मग त्यांच्यातून पदाधिकारी. जशी होती तशी, पण निदान एक माणूस होता ज्याच्या नावानं ओरडता यायचं. नंतर निवडणूक झालीच नाही, आता काय होतं की मॅडम लोक ज्याला ओळखतात तो मुलगा "विद्यार्थी प्रतिनिधी" म्हणून फोटोत बसतो. त्याला कोणी निवडलेलं नाही त्यामुळे तो खाली येऊन कोणाला काही सांगायला बांधीलच नाही.

मग मुलं काय करतात? १८१ लावतात. सीएम हेल्पलाइन. स्कॉलरशिप अडकली, टीसी मिळत नाही, लावा १८१. आणि मग बघा गंमत, ज्या बाबूनं कधी मान वर केली नाही तो स्वतः फोन करतो, बेटा ती शिकायत बंद करवा, वर लेव्हल टूला चाललीये. मी स्वतः हे पाहिलंय, मित्राच्या टीसीसाठी. आता विचार करा, कॉलेजच्या आत शिकायत समिती असताना मुलाला भोपाळमार्गे आपल्याच कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर पोचावं लागतं.

यूजीसीचे २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम आहेत. समितीत एक तरी बाई आणि एक तरी एससी, एसटी किंवा ओबीसी सदस्य पाहिजे, विद्यार्थी विशेष आमंत्रित म्हणून, शक्यतो पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल, आणि नाही पटलं तर पुढच्या पंधरा दिवसांत लोकपालाकडे अपील. लोकपाल विद्यापीठ नेमतं. तुमच्या कॉलेजच्या भिंतीवर हे कुठे लिहिलेलं आहे का मॅडम? रागानं नाही विचारत, खरंच विचारतोय. कारण माहीत असतं तर आम्ही १८१ लावला नसता (कदाचित तरी लावला असता, फुकट आहे).

कडू_कारलं

माफ करा, सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटलं पण शेअर करायला गव्हर्नन्स, म्हणजे निर्णयाचा अधिकार, आहे कुठे? सिलॅबस केंद्रीय अध्ययन मंडळाचा, २०२१ पासून नवीन शिक्षण धोरण आलं तेव्हापासून तर मेजर-मायनर-व्होकेशनल सगळं वरून. प्रवेश ई-प्रवेशवर, भोपाळहून. ॲकॅडमिक कॅलेंडर भोपाळहून. परीक्षा विद्यापीठाची. बदल्या तुम्हाला माहीतच आहेत कुठून होतात. प्राचार्यांच्या हातात काय, तर गेटची किल्ली. आणि तुम्ही म्हणताय तीपण वाटून घेऊ.

जनभागीदारीचं तर बोलूच नका. १९९६ ची योजना, कल्पना वाईट नव्हती, समाजानं कॉलेज चालवायला हात लावावा, पालक, माजी विद्यार्थी, दानदाते बसावेत, फीचा पैसा इथेच राहावा, भोपाळकडे हात पसरायला लागू नये. पण अध्यक्ष कोण, तर सरकार नेमणार. सरकार बदललं की अध्यक्ष बदलतो, प्राचार्य सचिव म्हणून दोघांच्या मध्ये दाबला जातो. स्ववित्तीय कोर्सचे शिक्षक, सफाईवाले, सिक्युरिटी, हे सगळे ज्या पैशावर चालतात त्या बैठकीत शिकवणाऱ्यांचा आवाज किती हे तुम्हीच सांगा.

व्हॉट्सॲप ग्रुप काढा, "ओन्ली ॲडमिन" करा, सुखी राहा.

फ्रेमाँटकर_इंदूरी

कारलेभाऊ, तुमचं अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यासाठी इथलं सांगतो. मी मूळ स्नेहलतागंजचा, आता कॅलिफोर्नियात एका कम्युनिटी कॉलेजात पार्टटाइम गणित शिकवतो. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, आसपासच्या कोणालाही प्रवेश, नर्सिंग-वेल्डिंगपासून ते पुढे मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होण्यापर्यंत सगळं. मुलं आपल्या सांवेर-देपालपूरसारखीच, नोकरी करून शिकणारी.

इथेपण वरून खूप ठरतं, राज्य ठरवतं, बोर्ड ऑफ ट्रस्टीज (कॉलेजवरचं मंडळ) ठरवतं. पण १९८८ ला एबी १७२५ नावाचा कायदा आला आणि त्यानंतर नियमांत एक यादीच घातली, तिला सगळे "टेन प्लस वन" म्हणतात. अभ्यासक्रम, डिग्री-सर्टिफिकेटच्या अटी, ग्रेडिंगची पद्धत, नवीन प्रोग्रॅम, विद्यार्थ्यांची तयारी आणि यश, प्रोग्रॅम रिव्ह्यू, प्लॅनिंग आणि बजेट कसं बनवायचं त्याची प्रक्रिया वगैरे दहा विषय, आणि अकरावा म्हणजे दोघांनी मिळून जो ठरवाल तो. या विषयांत बोर्डाला शिक्षकांच्या ॲकॅडमिक सिनेटशी सल्लामसलत करावीच लागते, आणि कोणत्या विषयात मुख्यतः सिनेटचं ऐकायचं, कोणत्यात दोघांची सहमती लागेल, हे बोर्डानं आधीच लिहून ठेवायचं. लक्षात घ्या, बजेटची प्रक्रिया यादीत आहे, बजेट नाही. पगार तर अजिबात नाही, ते युनियनचं काम. म्हणजे तुमचं काय आहे आणि काय नाही दोन्ही लिहिलेलं.

मला सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच वाटते. ज्या विषयांत मुख्यतः सिनेटवर भिस्त ठेवायचं ठरलंय तिथे सिनेटची शिफारस बोर्डानं नाकारली, तर सिनेटनं मागितल्यावर लगेच लेखी कारण द्यावं लागतं. नाकारता येतं हो, पण कारण लिहून. काकांनी आरटीआयचं जे सांगितलं तेच की हे, मी वाचून चमकलोच, आपल्याकडे हे कायद्यात पडून आहे!

आणि ब्राउन ॲक्ट, १९५३ चा, खुल्या बैठकांचा. सिनेटलाही लागू. नेहमीच्या बैठकीचा एजेंडा बहात्तर तास आधी लावायचा आणि जे एजेंड्यावर नाही त्यावर निर्णय घ्यायचा नाही. सुरुवातीला डोक्याला ताप वाटतो, साधा चहाचा ठराव पास करायला पुढच्या मीटिंगची वाट. पण "मीटिंग नंतर बनते" हा प्रकार त्यामुळे बंद.

गुलाबी चित्र उभं करत नाहीये. माझ्यासारखे पार्टटाइमवाले इथे संख्येनं अर्ध्याहून जास्त आणि कमिटीत बसायचे पैसे बरेच ठिकाणी मिळत नाहीत, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात गाडी पळवणारा माणूस दुपारी तीनच्या मीटिंगला कुठून येणार. सिनेटमध्ये मग तेच ते फुलटाइम चेहरे. तुमच्या अतिथी विद्वानांचं काय, ताई? त्यांचं नाव समितीत आहे का? नसेल तर तुमची सहभाग समिती पण तशीच.

दांडियाबाजार_बडोदा

इकडचं थोडक्यात. आमच्या एमएस युनिव्हर्सिटीत सिनेट होतं, सिंडिकेट होतं (युनिव्हर्सिटीचे निर्णय घेणारी मंडळं), रजिस्टर्ड ग्रॅज्युएट्सची निवडणूक व्हायची, माझे सासरे दर वेळी इस्त्रीचा शर्ट घालून मत द्यायला जायचे. भांडणं पण अशी व्हायची की दुसऱ्या दिवशी पेपरात. २०२३ ला गुजरात पब्लिक युनिव्हर्सिटीज ॲक्ट आला, अकरा सरकारी युनिव्हर्सिट्यांना एकच कायदा, सिनेट-सिंडिकेट गेलं, आता बोर्ड ऑफ मॅनेजमेंट. लोक म्हणतात राजकारण कमी झालं. झालं असेल. पण पूर्वी काही शिजत असलं की सिनेटचा कोणीतरी मेंबर बाहेर येऊन बडबडायचा आणि सगळ्या गावाला कळायचं, ती बडबड गेली. म्हणून म्हणते, कारलेभाऊंना कितीही कंटाळा आला असला तरी जी समिती आहे ती सोडू नका. एकदा गेलं की परत मागायला कोणाकडे जायचं तेच कळत नाही.

कडू_कारलं

वहिनी, सोडा म्हणालो नाही. फुकट घाम गाळू नका म्हणालो. पण ती टेन प्लस वनवाली यादी आवडली. आपल्याकडे टू प्लस झिरो निघेल फार तर.

माळव्यातली_मास्तरीण

बाप रे, एवढं सगळं. सगळ्यांचे आभार, कारलेभाऊंचे पण.

काल रात्री बसून खरंच यादी काढली, आमच्या कॉलेजात कॉलेजच्याच हातात काय काय आहे त्याची. दोनच्या वर निघाले हो भाऊ! पाळीच्या वेळा आणि टाइमटेबल. कोणती खोली कोणाला. वाचनालय किती वाजेपर्यंत उघडं. अंतर्गत मूल्यांकनाच्या तारखा, ज्या प्रत्येक विभाग आपापल्या ठेवतो आणि मुलांचे एका दिवसात तीन पेपर येतात. जनभागीदारीच्या पैशातून काय मागायचं याचा प्राधान्यक्रम, म्हणजे मंजूर करणं नाही, मागणं. वार्षिकोत्सवाच्या तारखा. पार्किंग (यावरच सगळ्यात जास्त भांडण होणार). आणि सूचना कुठून निघेल, हे तर शंभर टक्के आमचंच. बदल्या, सिलॅबस, प्रवेश, परीक्षा यादीत नाही, ते पण लिहिलंय, फ्रेमाँटकरांनी म्हटल्यासारखं. ते लिहिल्यावर उलट सुटल्यासारखं वाटलं, कारण आमच्या स्टाफ कौन्सिलचा अर्धा वेळ सतपुडा भवनाला शिव्या देण्यात जातो आणि पार्किंगचा विषय पुढच्या वेळेवर.

वकीलसाहेब, नाही, भिंतीवर नाही. वेबसाइटवर एक पीडीएफ आहे, त्यातले दोन सदस्य बदली होऊन गेलेत. नवीन यादी आणि लोकपालाची माहिती गेटजवळ लावते, आणि एक प्रत सरळ कियोस्कवर. तुम्ही हसाल पण मी त्या कियोस्कवाल्याशी बोलून आले. तो म्हणाला मॅडम मला तर बरंच होईल, दिवसभर पोरं तेच तेच विचारतात. ठरलं असं की कॉलेजची कोणतीही सूचना आवक-जावक नंबर आणि तारीख घालूनच निघेल, तोच कागद बोर्डावर, तोच फोटो ग्रुपवर, तोच त्याच्या काचेवर. नंबर नसलेली सूचना खोटी समजायची. प्राचार्यांना हे लगेच आवडलं कारण मागे कोणीतरी उद्या सुट्टी असल्याचा बनावट मेसेज फिरवलेला.

नोटशीटच्या आदेशावर मात्र ते जरा थांबले. म्हणाले तत्काल वाल्या पत्राचं काय करू, तुमची टीप येईपर्यंत मला भोपाळहून दोन फोन येतील. मी म्हटलं तत्काल असेल तर आधी करा, मग पुढच्या बैठकीत काय केलं आणि का ते सांगा, मिनिट्समध्ये जाईल. विचार करतो म्हणालेत. नाही म्हणाले नाहीत.

अतिथी विद्वानांचा प्रश्न टोचला. दोघांना समितीत घ्यायचा प्रस्ताव टाकलाय पण त्यांचं मानधन दिवसावर, मीटिंग कामाच्या दिवशी कामाच्या वेळेतच ठेवायला लागेल, आणि नोकरी दर वर्षी टांगणीला असलेला माणूस प्राचार्यांसमोर किती बोलेल ही वेगळी गोष्ट. त्यातली एक मला जिन्यात म्हणाली, मॅडम नाव घाला पण पहिल्या मीटिंगला मला काही विचारू नका.

सुदामानगर_रिटायर्ड

विचार करतो म्हणाले म्हणजे निम्मं काम झालं, आता आदेशाचा मसुदा तुम्हीच टाइप करून न्या, प्राचार्यांना मसुदा करायला वेळ नसतो, सही करायला असतो. "तत्काल प्रकरणी कार्योत्तर सूचना" (म्हणजे काम झाल्यावर कळवणं) अशी एक ओळ घाला म्हणजे त्यांची अडचण मिटेल. पण त्यात "आगामी बैठकीत, कारणासह" असं नक्की लिहा. तारीख नसलेलं कार्योत्तर कधीच येत नाही, माझ्या कपाटात अशा फाइली मी पुढच्या बाबूला देऊन आलोय.

अतिथींचं असं करा, त्यांनी समोर बोलायची गरजच ठेवू नका, एजेंडा फिरेल तेव्हा त्यावर लेखी मत मागवा, सगळ्यांकडून, रेग्युलरवाल्यांकडूनपण. मतं एकत्र टाइप करून ठेवायची, नावं न घालता. आणि एजेंडा तीन दिवस आधी फिरवा, रविवार सोडून.

भंवरकुआं_वकील

आणि मॅडम विद्यार्थी प्रतिनिधी? फोटोवाला मुलगाच का?

माळव्यातली_मास्तरीण

तोच होता. आता प्रत्येक सेक्शननं चिठ्ठी टाकून एक नाव द्यावं असं सुचवलंय, निवडणूक हा शब्द वापरायचा नाही अशी अट आलीये. चालेल मला. बीकॉम फर्स्ट इयरमध्ये आत्ताच सात जण उभे आहेत म्हणे.